चाळीस घोडे आणि उसाची ट्रॉली

नववीच्या वर्गात कार्य आणि शक्ती हा पाठ चालू असता एका विद्यार्थ्याने आम्हांस एक प्रश्न विचारला. त्याच्या घरी उसाची शेती आहे. गळिताच्या दिवसांत त्याच्या वडिलांचा ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढीत कारखान्याकडे जातो. तो म्हणाला, "सर, आमचा ट्रॅक्टर चाळीस अश्वशक्तीचा आहे. काकांची जुनी मारुती मोटारही जवळजवळ तेवढ्याच अश्वशक्तीची आहे. घोडे जर सारखेच, तर काकांची मोटार उसाची ट्रॉली का ओढीत नाही?"

वर्ग हसला. आम्ही घाईघाईने उत्तर दिले, "ट्रॅक्टरचा टॉर्क अधिक असतो." त्यावर तो शांतपणे म्हणाला, "मग अश्वशक्ती मोजतात तरी कशाला?" तेवढ्यात घंटा झाली आणि आमची सुटका झाली. परंतु खरे सांगावयाचे तर आमचे उत्तर अर्धवट होते आणि त्याचा दुसरा प्रश्न पहिल्याहून खोल होता. त्या प्रश्नाचे उत्तर देणे आमच्याकडे राहून गेले होते. ते येथे देत आहो.

टॉर्क या शब्दाला शास्त्रीय मराठीत परिबल म्हणतात. नाव अवघड वाटले तरी वस्तू रोजच्या अनुभवातील आहे. सायकलच्या दुकानात घट्ट बसलेला नट सोडविताना कारागीर लांब दांड्याचा पाना घेतो. हाताचा जोर तोच, पण दांडा लांब म्हणून नट फिरविण्याची ताकद वाढते. जोर आणि दांड्याची लांबी यांचा गुणाकार म्हणजे परिबल. तीस सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर आपण वीस किलो वजनाइतका जोर दिला, तर परिबल ०.३ गुणिले २०, म्हणजे सहा किलोग्रॅम-मीटर झाले. (हल्लीच्या पाठ्यपुस्तकांत न्यूटन-मीटर हे माप असते, एका किलोग्रॅम-मीटरचे सुमारे ९.८ न्यूटन-मीटर होतात.)

हा सहाचा आकडा आम्ही उगाच घेतलेला नाही. मारुती ८०० ही मोटार १९८३ साली रस्त्यावर आली आणि २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. तिच्या अखेरच्या काळातील एंजिनाचे आकडे असे: आकारमान ७९६ घनसेंटिमीटर; मिनिटास ५,००० फेऱ्यांच्या वेळी ३७ अश्वशक्ती; आणि मिनिटास २,५०० फेऱ्यांच्या वेळी जास्तीत जास्त परिबल ५९ न्यूटन-मीटर. ५९ न्यूटन-मीटर म्हणजे बरोबर आपले सहा किलोग्रॅम-मीटर! पाच माणसांना घेऊन धावणाऱ्या मोटारीचे एंजिन आणि पाना धरलेला आपला हात यांचे परिबल सारखे आहे, हे प्रथम ऐकताना खोटेच वाटते. पण ते खोटे नाही. फरक इतकाच की, आपला हात तेवढा जोर एकदा, फार तर दहा-वीसदा लावील. एंजिन तो मिनिटाला अडीच हजार फेरे, तासन् तास लावीत राहते. परिबलाच्या आकड्यात हा 'किती वेळा' कोठेच दिसत नाही. तो दाखविण्यासाठी दुसरे माप लागते, आणि तेच अश्वशक्ती.

हे माप जेम्स वॉट याने घालून दिले. वॉट (१७३६–१८१९) याची वाफेची एंजिने गिरण्यांत आणि दारूच्या भट्ट्यांत जाऊ लागली, तेव्हा तेथे घोड्यांकडून चाके फिरविण्याची पद्धत होती. गिऱ्हाईक विचारी की, तुमचे हे एंजिन माझे किती घोडे वाचवील? शिवाय एंजिनाच्या वापराबद्दल जी रक्कम दरसाल घ्यावयाची, तीही घोड्यांच्या हिशेबानेच ठरवावयाची होती. म्हणजे हे माप बाजाराच्या गरजेतून निघाले. १७८२-८३ च्या सुमारास वॉटने गिरणीच्या घोड्याचा हिशेब मांडला. आपल्याकडे तेलाच्या घाण्यास जुंपलेला बैल जसा गोल फिरतो, तसाच तो घोडा फिरे. वर्तुळाची त्रिज्या १२ फूट, तासाला १४४ फेरे, आणि ओढ १८० पौंड. गुणाकार केला की मिनिटाला साडेबत्तीस हजार फूट-पौंडांहून थोडे अधिक कार्य येते. वॉटने पूर्ण आकडा धरला तो ३३,००० चा, आणि ती एक अश्वशक्ती ठरली. खरा घोडा दिवसभर एवढे काम करू शकत नाही, पण थोडा वेळ याच्या दसपटीहूनही अधिक जोर तो करून दाखवितो, तेव्हा घोड्याची बदनामी होण्याचे कारण नाही. युरोपात पुढे मीटर पद्धतीची निराळी अश्वशक्ती आली: पंचाहत्तर किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलणे. दोहोंत शेकडा दीडचा फरक आहे. आपल्या हिशेबात आम्ही तो सोडून देऊ.

विद्यार्थ्यांनी हे माप स्वतःवर घेऊन पाहावे. शाळेच्या जिन्याची उंची दोरीने मोजा. ती चार मीटर असेल आणि पंचेचाळीस किलो वजनाचा मुलगा सहा सेकंदांत धावत वर गेला, तर त्याने १८० किलोग्रॅम-मीटर कार्य सहा सेकंदांत केले, म्हणजे सेकंदाला तीस. पंचाहत्तरने भागता तो दोन पंचमांश घोडा ठरतो. तोच मुलगा रमतगमत एका मिनिटात चढला तर कार्य तितकेच होईल, पण घोडा मात्र एक पंचविसांशच उरेल.

आता वॉटच्या घोड्याकडे पुन्हा एकदा नीट पाहू, कारण सगळ्या गोंधळाची किल्ली त्याच्यापाशी आहे. त्याची ओढ १८० पौंड, म्हणजे सुमारे ८२ किलो. त्रिज्या १२ फूट, म्हणजे ३.६६ मीटर. गुणाकार करा. त्या घोड्याचे परिबल जवळजवळ तीनशे किलोग्रॅम-मीटर भरते! मारुतीच्या एंजिनाचे सहा, घोड्याचे तीनशे, पन्नासपट. 'ओढण्याची ताकद टॉर्कमध्ये असते' हे वाक्य जसेच्या तसे खरे असते, तर एका घोड्याने पन्नास मोटारींना मागे खेचावयास हवे होते. तसे होत नाही, कारण तो घोडा मिनिटाला अवघे २.४ फेरे घेतो आणि एंजिन अडीच हजार. परिबल आणि फेरे यांचा गुणाकार केल्याखेरीज कोणत्याही एंजिनाची किंमत कळत नाही.

वरच्या वर्गांतील मुलांनी सूत्र स्वतःच काढावे. ते चार ओळींचे आहे. एक मीटर लांब दांडा धरा. एका फेऱ्यात त्याचे टोक २π मीटर चालते. म्हणून एका मिनिटातील कार्य = २π × परिबल × मिनिटाचे फेरे. एक अश्वशक्ती म्हणजे मिनिटाला ४,५०० किलोग्रॅम-मीटर. ४,५०० ला २π ने भागले की ७१६ येतात. तेव्हा परिबल गुणिले फेरे भागिले ७१६ म्हणजे अश्वशक्ती. घोडा: ३०० × २.४ ÷ ७१६ = १. मारुती, अडीच हजार फेऱ्यांना: ६ × २,५०० ÷ ७१६ = २१. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवावा. परिबल सर्वांत जास्त असते त्या वेळी हे एंजिन ३७ नव्हे, २१ अश्वशक्तीच देत असते.

उलट हिशेब करून पाच हजार फेऱ्यांच्या वेळचे परिबल काढले तर ते ५.३ येते, म्हणजे फेरे दुप्पट झाले तरी परिबल थोडे उतरले. असे का व्हावे? दट्ट्या खाली सरकताना सिलिंडरमध्ये हवा व पेट्रोल यांचे मिश्रण ओढले जाते. पाच हजार फेऱ्यांच्या वेळी या ओढीला मिळणारा अवधी सेकंदाच्या हजार भागांपैकी केवळ सहा भाग असतो. एवढ्या वेळात झडपेच्या चिंचोळ्या वाटेने सिलिंडर पुरता भरत नाही; अर्धपोटी सिलिंडरचा धक्काही कमी जोराचा. त्यातच घर्षण वाढते. फेरे फारच कमी असतील तर दुसऱ्या बाजूने तोटा होतो: मिश्रण संथ येते, ज्वलन नीट होत नाही, उष्णता भिंतींत निसटते. म्हणून परिबलाचा आलेख मध्ये फुगलेला आणि दोन्ही टोकांना उतरता असा येतो. अश्वशक्तीचा आलेख मात्र वर चढत राहतो, जोवर परिबलाची घट फेऱ्यांच्या वाढीला गिळून टाकीत नाही तोवर.

येथे एक जाता जाता सांगावयाचे. कारखान्यात अश्वशक्ती थेट मोजता येईल असे साधे उपकरण पूर्वी नव्हते. फ्रेंच अभियंता प्रोनी याने १८२१ साली जी युक्ती काढली तीत फिरत्या चाकाला लाकडी ठोकळ्यांचा चिमटा लावून त्याच्या दांड्यावर वजन टांगतात. वजन आणि दांड्याची लांबी यांवरून परिबल कळते, फेरे मोजावयाचे, आणि अश्वशक्ती हिशेबाने काढावयाची. आजची शक्तिमापक यंत्रे अधिक नाजूक असली तरी एंजिनाच्या बाबतीत पद्धत मुळात तीच आहे.

आता गिअरकडे वळू. एंजिनाचे सहा किलोग्रॅम-मीटर जसेच्या तसे चाकाला दिले तर मोटार जागची हलणार नाही. म्हणून मध्ये दंतचक्रे घालतात. लहान चक्राने मोठे चक्र फिरविले की फेरे कमी होतात आणि त्याच प्रमाणात परिबल वाढते. अशा लहान मोटारीत पहिल्या गिअरमध्ये ही घट साधारण पंधरापट असते आणि वरच्या गिअरमध्ये चारपट. चाकाची त्रिज्या पाव मीटर. तेव्हा २,५०० फेऱ्यांना पहिल्या गिअरात चाकाचे परिबल ९० आणि रस्त्यावरील ओढ ३६० किलो. वेग तासाला सुमारे १६ किलोमीटर. वरच्या गिअरात चाकाचे परिबल २४ आणि ओढ अवघी ९६ किलो; पण वेग तासाला ६०. दोन्हींची अश्वशक्ती काढून पाहा. दोन्हीकडे एकवीसच येते. गिअरपेटी ही मोड देणाऱ्या दुकानदारासारखी आहे. दहाच्या नोटेची ती एक-एक रुपयाची दहा नाणी देईल, पाचाची दोन देईल. खिसा जड होईल किंवा हलका, पण दहाचे अकरा काही होणार नाहीत. उलट हा दुकानदार घर्षणाच्या नावाने थोडी अडतही कापून घेतो.

म्हणजे परिबल हवे तितके विकत मिळते. त्याची किंमत वेगात मोजावी लागते. अश्वशक्ती मात्र कोणत्याही दंतचक्राने वाढत नाही. 'टॉर्क चढासाठी आणि अश्वशक्ती वेगासाठी' असे जे सर्रास बोलले जाते ते आम्हांस म्हणूनच मान्य नाही. चढ चढणे म्हणजे वजन वर उचलणे, आणि वजन किती वेळात वर उचलले हा प्रश्न अश्वशक्तीचाच आहे.

याचा धडा आम्हांस पुस्तकात मिळाला नाही, चोर्ला घाटात मिळाला. काही वर्षांपूर्वी गोव्याहून बेळगावास परत येत होतो. एक स्नेही अशीच लहान मोटार चालवीत होते. गाडीत आम्ही पाच जण आणि सामान. पेट्रोल वाचावे म्हणून ते वरचा गिअर सोडीत नव्हते. एंजिन कण्हू लागले, गाडी थरथरू लागली, तरी पाय दाबलेलाच. एका वळणावर एंजिन बंद पडले आणि गाडी मागे सरकू लागली. ब्रेक वेळेवर लागला, एकाने उडी टाकून चाकाखाली धोंडा दिला, म्हणून हा लेख लिहिण्यास आम्ही शिल्लक आहो. मागे दरी होती.

काय घडले होते ते आता हिशेबाने सांगता येते. माणसे-सामानासह गाडीचे वजन एक हजार किलो धरा आणि चढ दहात एक. नुसत्या चढासाठी शंभर किलोंची ओढ हवी. टायर आणि वारा यांचा अडथळा वेगळा. वरच्या गिअरातील उत्तमात उत्तम ओढ ९६. गाडी मंदावणारच. ती मंदावली की फेरे २,५०० च्या खाली गेले. तेथे परिबल वाढत नाही, उलट उतरते. म्हणून ओढ आणखी घटली, वेग आणखी घटला, आणि अखेर एंजिन थांबले. वेळीच दुसरा गिअर घातला असता तर ओढ दुपटीहून अधिक झालीच असती, शिवाय फेरे वाढून एंजिन २१ ऐवजी तीस-पस्तीस अश्वशक्ती देऊ लागले असते. गाडीच्या पोटात घोडे होते. त्यांना कोणी उठविलेच नाही. आणि घाट उतरतानाही खालचाच गिअर ठेवावयाचा, हे ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनी घरी सांगावे. तेव्हा चाके एंजिनाला फिरवितात आणि एंजिन त्यांना आवरून धरते. नुसत्या ब्रेकवर भार टाकला तर ते तापून निकामी होतात.

मग परिबलाच्या आकड्याला काहीच अर्थ नाही काय? आहे, आणि तो ट्रॅक्टरवाल्यांना चांगला ठाऊक असतो. चाळीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर मिनिटाला सुमारे दोन हजार फेऱ्यांवर काम करतो. आमच्या सूत्राने त्याचे परिबल चौदा किलोग्रॅम-मीटरच्या वर येते, मारुतीच्या दुपटीहून अधिक. त्यात जादू नाही. त्याचे एंजिन दोन-अडीच लिटरचे आहे, मारुतीचे पाऊण लिटरहून थोडे मोठे. टर्बोने हवा कोंबली नसेल तर कोणतेही एंजिन लिटरमागे साधारण सात ते दहा किलोग्रॅम-मीटर देते. खरी खुबी पुढे आहे. नांगराचा फाळ कठीण जमिनीत रुतला आणि एंजिनाचे फेरे दोन हजारांवरून पंधराशेवर उतरले की ट्रॅक्टरचे परिबल कमी होण्याऐवजी वाढते. एंजिन तसे मुद्दाम घडविलेले असते. फेरे पडले तरी ते नेट सोडीत नाही, आणि चालकाला दर पावलाला गिअर बदलावा लागत नाही. परिबलाचा आलेख आपल्याला एंजिनाचा स्वभाव सांगतो: त्याची अश्वशक्ती कोठे साठलेली आहे, खालच्या फेऱ्यांत की वरच्या. विजेच्या मोटारगाड्यांचे परिबल तर चाक स्थिर असतानाच पुरते मिळते, म्हणून त्यांतील बहुतेकींना गिअर बदलण्याची व्यवस्थाच लागत नाही. त्यांची शक्ती किलोवॉटमध्ये सांगतात. एका किलोवॉटचे १.३६ मीटरी घोडे होतात. वॉट हे नाव सीमेन्स याने १८८२ साली सुचविले. घोड्याचे माप देणाऱ्याच्याच नावाने घोड्याला निवृत्त केले, ही गंमत वॉटला आवडली असती असे आम्हांस वाटते.

आता उसाची ट्रॉली. ट्रॅक्टर आणि भरलेल्या ट्रॉल्या मिळून वजन पंधरा टन धरू. सपाट रस्त्यावर त्यांना ओढण्यास सुमारे तीनशे किलोंचा जोर लागेल; विसात एक एवढा चढ आला की आणखी साडेसातशे. चाळीस घोडे सेकंदाला तीन हजार किलोग्रॅम-मीटर देतात. त्याला १,०५० ने भागले तर ट्रॅक्टर त्या चढावर तासाला दहा किलोमीटरने जाईल. हे वाचकांनी रस्त्यावर पाहिलेच असेल. मारुतीच्या ३७ घोड्यांना हेच काम दिले तर हिशेबाने वेग तासाला साडेनऊ किलोमीटर येतो. म्हणजे आमच्या विद्यार्थ्याचे म्हणणे कागदावर बरोबर होते! घोडे खरोखरच जवळजवळ सारखे आहेत, आणि पुरेशी घट देणारी दंतचक्रे घातली तर मोटारीचे एंजिन ट्रॉली हलवील.

पण ते हलविताना काय होईल ते पाहा. सबंध वाटभर एंजिन मिनिटाला पाच हजार फेऱ्यांवर किंचाळत राहील. ते अशा कामासाठी घडविलेले नाही. संथ वेगामुळे पुढून वारा मिळणार नाही आणि पाणी उकळेल. ट्रॅक्टरचे खालचे गिअर दीडशे-दोनशेपट घट देतात, तेवढे परिबल मोटारीच्या बोटभर जाडीच्या दांड्यांवर आले तर ते पिळून तुटतील. आणि हे सारे निभावले तरी शेवटी रस्त्याशी गाठ आहे. मोटारीचे वजन साडेसहाशे किलोंच्या आसपास, त्यातील चारएकशे पुढच्या, म्हणजे ओढणाऱ्या, चाकांवर. एवढ्या वजनाने टायर रस्त्याला फार तर तीनशे किलोंचा जोर लावू शकतो. त्यापुढे चाके जागच्या जागी फिरतील आणि रबराचा वास येईल. ट्रॅक्टर दोन टन वजनाचा असतो, त्याची मागची चाके मोठी असतात आणि कित्येकदा शेतकरी त्यांत पाणी भरून वजन आणखी वाढवितात, ते याचसाठी.

हे सर्व त्या विद्यार्थ्याला आम्ही वर्गात फळ्यावर मांडून दाखविले. त्याने वहीत उतरून घेतले, थोडा वेळ विचार केला आणि विचारले, "सर, मोटारीच्या पुढच्या भागावर चार माणसे बसविली तर?" सपाट रस्त्यावर, एकच ट्रॉली, तीही अर्धी रिकामी, एवढ्या अटींवर आम्ही हो म्हणालो. त्याच्या काकांनी मात्र प्रयोगासाठी मोटार देण्याचे अद्याप कबूल केलेले नाही.